से, कैफियत, प्रतिदावा, कॅव्हेट: दाव्याला विरोध करताना कोणता शब्द कुठे लागतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या चुलतभावाने तुमच्यावर आणि तुमच्या वडिलांवर तालुक्याच्या दिवाणी कोर्टात कायम मनाईचा दावा लावला आहे. तुम्ही त्याच्या वहिवाटीला हरकत करता, असं त्याचं म्हणणं. तुमचं म्हणणं नेमकं उलट, की त्यानेच वर्षानुवर्षं बांध कोरत पूर्वेकडून तुमची चारेक गुंठे जमीन गिळली. समन्स तुम्ही घेतलं. वडिलांनी घ्यायला नकार दिला, तेव्हा बेलिफाने ते दारावर डकवलं. वकील म्हणतात, ‘आधी से देऊ, कैफियतीचं नंतर बघू.’ गावातले जाणते म्हणतात, ‘उलट दावा ठोका.’ कोणी कॅव्हेट टाकायला सांगतं, कोणी तलाठ्याकडे हरकत घ्यायला. आणि खोटा दावा लावल्याबद्दल भरपाई मिळते का, हा तुमचा शेवटचा प्रश्न.

हे सगळे शब्द तुमच्या कानावर एकाच आठवड्यात पडले, म्हणून ते एकाच कामाचे वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येक शब्दाचं ठिकाण वेगळं, मुदत वेगळी आणि कोर्टाकडे केलेली मागणी वेगळी. ‘आम्ही विरोध केला होता’ असं सांगणारे पक्षकार मी पुष्कळ पाहिले आहेत. विरोध केलेला असतो, पण तो नको त्या कागदावर किंवा मुदत टळल्यावर.

सुरुवात वडिलांच्या समन्सपासून करू, कारण घाई तिथे आहे. समन्स नाकारलं म्हणजे ते लागू झालं नाही, हा समज गावोगाव आहे आणि तो चुकीचा आहे. पक्षकाराने सही द्यायला नकार दिला तर बेलीफ घराच्या दर्शनी भागावर प्रत डकवतो आणि तसा अहवाल कोर्टात देतो. कोर्टाला तो समाधानकारक वाटला की समन्स बजावलं गेलं असं धरतात. पोस्टाने आलेलं पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत गेलं तरी परिणाम तोच. म्हणजे वडिलांची मुदत तुमच्याइतकीच चालू झाली आहे, फक्त दाव्याची नक्कल त्यांच्या हातात नाही. त्यांचं वकीलपत्र ताबडतोब दाखल करा आणि नक्कल मागून घ्या.

आता ‘से’. इंग्रजी अमदानीतला हा शब्द आपल्या कोर्टांत अजून जसाच्या तसा चालतो, मराठीत त्याला ‘म्हणणे’ म्हणतात. दाव्यात कोणीही कोणताही अर्ज दिला की कोर्ट त्यावर शेरा मारतं: ‘सामनेवाल्याने म्हणणे द्यावे.’ ते म्हणणं त्या एका अर्जापुरतं असतं. तुमच्या बाबतीत तो अर्ज म्हणजे निशाणी ५ (निशाणी म्हणजे दाव्यातल्या कागदाला पडणारा क्रमांक). महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत दावा स्वतः निशाणी १ असतो आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज निशाणी ५ वर. हे इतकं ठरलेलं आहे की वकील नुसतं ‘पाचची ऑर्डर झाली का?’ असं विचारतात.

निशाणी ५ वर कोर्ट तीन गोष्टी बघतं: वादीची केस प्रथमदर्शनी उभी राहते का, मनाई दिली किंवा नाकारली तर जास्त गैरसोय कोणाची, आणि मनाई न दिल्यास वादीचं भरून न येणारं नुकसान होईल का. तेव्हा तुमच्या म्हणण्याचा रोख या तिन्हींवर हवा. जमीन कोणाची हा अंतिम प्रश्न इथे सुटत नाही. आज प्रत्यक्ष वहिवाट कोणाची, हा प्रश्न इथे सगळ्यात वजनदार. म्हणून म्हणण्यासोबत सातबारा, पीकपाहणी, फोटो, शक्य असेल तर शेजारच्या गटवाल्यांची प्रतिज्ञापत्रं लावा. तुम्हाला न ऐकता कोर्टाने एकतर्फी मनाई दिली असेल, तर ती उठवण्याचा अर्ज देता येतो, आणि मनाईचा मूळ अर्ज एकतर्फी मनाई दिल्यापासून तीस दिवसांत निकाली काढावा अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. दरम्यान ती मनाई पाळा, कितीही अन्यायाची वाटली तरी. मोडली तर मिळकतीवर जप्ती येऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगही. निशाणी ५ चा निकाल विरोधात गेला तर जिल्हा न्यायालयात किरकोळ अपील आहे, मुदत तीस दिवस.

तुमचे वकील म्हणतात ‘आधी से देऊ’, ते बरोबर आहे. ‘कैफियतीचं नंतर बघू’ यातल्या ‘नंतर’ला मात्र तारीख पाहिजे.

कैफियत म्हणजे संपूर्ण दाव्याला दिलेलं तुमचं लेखी उत्तर. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आठव्या ऑर्डरप्रमाणे समन्स लागल्यापासून तीस दिवसांत ती दाखल करायची. कोर्ट कारणं नोंदवून नव्वद दिवसांपर्यंत मुदत वाढवू शकतं. दिवस मोजायचे समन्स हातात पडल्यापासून, कोर्टाच्या पहिल्या तारखेपासून नव्हे. हा घोळ फार जण घालतात. नव्वद दिवस उलटले की सगळं संपलं असं नाही. कैलास विरुद्ध नन्हकू या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की साध्या दाव्यांत ही मर्यादा मार्गदर्शक आहे, अपवादात्मक परिस्थितीत कोर्ट उशिराची कैफियत घेऊ शकतं. पण त्या अपवादाच्या भरवशावर कोणी राहू नये. व्यापारी न्यायालय कायद्याखालच्या दाव्यांत तर १२० दिवसांनंतर दार पूर्ण बंद होतं, कोर्टाची इच्छा असली तरी. तुमचा वाद शेतजमिनीच्या बांधाचा आहे, त्यामुळे तो कडक नियम तुम्हाला लागू नाही.

मुदतीत कैफियत आली नाही की रोजनाम्यावर, म्हणजे दाव्याच्या तारीखवार नोंदीत, ‘नो डब्ल्यू.एस.’ असा हुकूम होतो, म्हणजे दावा कैफियतीशिवाय पुढे चालवायचा. तो रद्द करून घेण्याचा अर्ज देता येतो, बहुधा खर्चाची काही रक्कम भरून तो मंजूरही होतो. नाही झाला तर तुम्ही वादीचा उलटतपास घेऊ शकता, कायद्याचे मुद्दे मांडू शकता, पण स्वतःची हकिगत पुराव्यात आणता येत नाही. ‘एकतर्फी’ हा हुकूम याहून वेगळा. तो प्रतिवादी हजरच राहिला नाही तर होतो. त्यातही सबळ कारण दाखवून तो हुकूम मागे घेता येतो, आणि मागे घेतला नाही तरी पुढच्या टप्प्यापासून तुम्ही कामात सामील होऊ शकता. एकतर्फी हुकूमनामाच (दाव्याचा अंतिम निकाल) झाला, तर तो रद्द करण्याचा अर्ज हुकूमनाम्यापासून तीस दिवसांत द्यायचा. समन्स रीतसर लागलंच नसेल तर हे तीस दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून धरतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ही दुसरी सवलत मिळणं कठीण, कारण नकाराचा अहवाल फायलीत बसला आहे.

कैफियतीत काय लिहायचं, यावर जरा थांबतो. दावे इथेच जिंकले किंवा हरले जातात, आणि पक्षकार सगळ्यात कमी लक्ष इथेच देतात.

आपल्याकडे जुना साचा आहे: ‘दावा कलम ३ मधील मजकूर खरा व बरोबर नाही. तो या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.’ प्रत्येक कलमाला हेच वाक्य चिकटवलं की झाली कैफियत, असं मानणारे अजून आहेत. कायद्याला एवढं पुरत नाही. वादीने मांडलेली प्रत्येक हकिगत स्वतंत्रपणे आणि नेमकी नाकारावी लागते. जी नेमकी नाकारली नाही ती कबूल केली असं धरलं जातं. मोघम नकारही चालत नाही. संहितेतलंच उदाहरण घ्या: अमुक एक रक्कम मिळाली असा आरोप असेल, तर ‘तेवढी रक्कम मिळाली नाही’ म्हणणं पुरेसं नाही. ती रक्कम किंवा तिचा कोणताही भाग मिळाला नाही असं लिहा, नाहीतर किती मिळाली ते सांगा. तुमच्या दाव्यात हे असं दिसेल: ‘प्रतिवादीने ५ जून रोजी सकाळी दहा वाजता बांध फोडला हे खरे नाही’ एवढंच लिहिलं, तर वादीचे वकील विचारतील, मग अकरा वाजता फोडला का? त्याऐवजी ‘प्रतिवादीने त्या दिवशी किंवा इतर कोणत्याही दिवशी बांध फोडलेला नाही’ असं लिहावं.

‘माहिती नाही म्हणून नाकबूल’ हे वाक्य जपून वापरा. वादीच्या घरातल्या, तुम्हाला कळणं शक्यच नसलेल्या गोष्टीला ते चालतं. तुमच्या डोळ्यांसमोर झालेल्या वाटपाबद्दल ‘माहिती नाही’ लिहिलं तर न्यायाधीशाच्या मनात शंका तुमच्याविषयी येते.

नकार हा कैफियतीचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे ‘खरी वस्तुस्थिती’ या मथळ्याखाली येणारी तुमची स्वतःची हकिगत. वाटप कधी झालं, फेरफार कोणत्या नंबरचा, बांध पूर्वी कुठे होता, तो कोणत्या साली सरकला, मोजणी कधी झाली. नवीन हकिगत इथे मांडावीच लागते, कारण जी कैफियतीत नाही तिचा पुरावा पुढे कोर्ट ऐकून घेत नाही. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून ‘पण साहेब, आमची मोजणी झाली होती’ म्हणणारा माणूस अगदी खरं बोलत असतो, पण कैफियतीत मोजणीचा शब्द नसेल तर उपयोग होत नाही. ज्या कागदांवर भिस्त आहे ते कागदयादीसह कैफियतीबरोबरच द्या. मागाहून द्यायचे तर कोर्टाची परवानगी लागते.

विसंगत बचाव घेताना भान ठेवा. ‘जमीन आमच्या मालकीची’ आणि ‘बारा वर्षांच्या प्रतिकूल कब्ज्याने आम्ही मालक झालो’ या दोन गोष्टी एकमेकींना खातात. प्रतिकूल कब्जा म्हणायचा तर मालक दुसरा आहे हे आधी मानावं लागतं. तरीही कैफियतींत दोन्ही एका पानावर सापडतात, कारण जुन्या कैफियतीवरून नवी उतरवलेली असते.

इथे ‘पुरसीस’ हा शब्द कळायला हवा. पक्षकार कोर्टाला लेखी कळवतो ती पुरसीस. बऱ्याचदा वेळ वाचवायला ‘निशाणी ५ वरील म्हणणे हीच कैफियत समजावी’ अशी पुरसीस देतात. ती देऊ नका. से बहुतेक वेळा घाईत लिहिलेला असतो, कागद हाती नसताना. तोच कैफियत ठरला की त्यातले राहून गेलेले मुद्दे पुढे दुरुस्ती अर्ज देऊन आणावे लागतात, आणि साक्षीपुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती मिळणं अवघड. उलट कैफियत पूर्ण तयार असेल तर ‘कैफियत हेच निशाणी ५ चे म्हणणे समजावे’ ही पुरसीस खुशाल द्या. दिशा तेवढी उलटी हवी.

कैफियतीत कायदेशीर हरकतींचाही एक भाग असतो, त्याची भाषा ठरलेली आहे: ‘दाव्यास मुदतीच्या कायद्याची बाधा येते’, ‘आवश्यक पक्षकारांच्या अभावाची बाधा येते’, ‘प्राङ्न्यायाची बाधा येते’. आवश्यक पक्षकारांची बाधा म्हणजे ज्याच्याशिवाय वाद मिटूच शकत नाही अशा सहहिस्सेदाराला वादीने सोडलं आहे. प्राङ्न्याय म्हणजे तोच वाद त्याच पक्षकारांत आधी निकालात निघालेला आहे. तुमच्या आजोबांच्या काळात कधी वाटपाचा दावा झाला असेल तर त्याच्या निकालाची नक्कल शोधा. मुदतीची बाधा तुम्ही घेतली नाही तरी कोर्टाने स्वतः बघायची असते, बाकीच्या बाधा मात्र सांगाव्या लागतात. जमिनीला कुळाचा प्रश्न असेल तर तो दिवाणी कोर्ट ठरवू शकत नाही, कुळकायद्याखाली तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. तुमच्या प्रश्नात कुळाचा उल्लेख नाही, म्हणून ते सोडतो. ज्यांना अशा बाधा सापडत नाहीत ते सगळ्याच लिहून टाकतात. त्याने कैफियत जाड होते, बळकट होत नाही.

या बाधांपैकी एखादी दाव्याच्याच मजकुरावरून उघड दिसत असेल, तर सातव्या ऑर्डरच्या अकराव्या नियमाखाली ‘वादपत्र (वादीने दिलेला दाव्याचा कागद) नाकारावे’ असा अर्ज देता येतो. गावात याला ‘दावा उडवणे’ म्हणतात. हा अर्ज ठरवताना कोर्ट फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद बघतं, तुमची कैफियत बघत नाही. तुमचा सगळा बचाव ‘तो खोटं बोलतो’ असा आहे, आणि खोटं की खरं हे पुराव्याशिवाय कळणार नाही. म्हणून तुमच्या दाव्यात या अर्जाने काही साधेल असं मला वाटत नाही. शिवाय अर्ज दिला म्हणून कैफियतीची मुदत थांबत नाही. वादपत्र नाकारलं गेलं तरी दोष दूर करून, मुदत शिल्लक असेल तर, वादी नवा दावा आणू शकतो. दावा पूर्ण चालून रद्द झाला तर ती वाट बंद होते. दोन्हीला लोक ‘दावा उडाला’च म्हणतात, पण फरक एवढा मोठा आहे.

आता तुमच्या मनात घोळणारा ‘उलट दावा’. त्याच दाव्यात, कैफियतीबरोबर, वादीविरुद्ध स्वतःची मागणी करणं म्हणजे प्रतिदावा, बोलीभाषेत काउंटर क्लेम. १९७६ च्या दुरुस्तीने तो संहितेत आला. त्याआधी प्रतिवादीला बहुतेक बाबतींत स्वतंत्र दावाच लावावा लागे. तुमच्या बाबतीत ही खरी विचार करण्याजोगी गोष्ट आहे. कैफियत कितीही उत्तम असली तरी तिने मिळणारं जास्तीत जास्त म्हणजे भावाचा दावा रद्द होणं. त्याने गिळलेली चार गुंठे जमीन कैफियतीने परत येत नाही. ती हवी असेल तर कोर्टाकडे मागावी लागते: मोजणी करून अतिक्रमण ठरवावं आणि तेवढ्या क्षेत्राचा कब्जा द्यावा.

प्रतिदाव्याला कोर्ट फी लागते, दाव्याला लागते तशीच. महाराष्ट्रात काही प्रकारच्या वादांत महिला पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे, तेव्हा जमिनीत आई किंवा बहीण हिस्सेदार असतील तर वकिलांशी त्याबद्दल बोला. मागणीचं मूल्य त्या कोर्टाच्या अधिकारमर्यादेत बसावं लागतं. कारण दावा लागण्याआधीचं किंवा नंतरचंही चालतं, पण कैफियत देण्याच्या मुदतीपर्यंत घडलेलं हवं. प्रतिदावा वादीविरुद्ध असावा लागतो, केवळ दुसऱ्या प्रतिवादीविरुद्ध लावता येत नाही. आणि तो कैफियतीसोबत दिलेला बरा. नंतर देता येतो, पण मुद्दे निघाल्यानंतर, म्हणजे कोर्टाने वादाचे प्रश्न ठरवल्यानंतर, सहसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अशोक कुमार कालरा यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

प्रतिदाव्याची मुदत कशी मोजतात हे तुमच्यासाठी महत्त्वाचं. मालकी हक्काने कब्जा मागायला बारा वर्षं मिळतात, विरुद्ध पक्षाचा कब्जा तुमच्या हक्काला प्रतिकूल झाल्यापासून. तुमचा प्रतिदावा भावाच्या दाव्याच्या तारखेला लागला असं धरत नाहीत, तो तुम्ही कोर्टात दिला त्या दिवशी लागला असं धरतात. ‘वर्षानुवर्षं बांध कोरत’ असं तुम्ही लिहिलं आहे. पहिलं कोरणं अकराव्या-बाराव्या वर्षाकडे सरकलं असेल तर एकेक तारीख मोलाची आहे. २०१९ च्या रवींदर कौर ग्रेवाल निकालानंतर प्रतिकूल कब्ज्याच्या जोरावर वादी म्हणूनही मालकी मागता येते. भावाचे वकील उद्या दावा दुरुस्त करून तेच मागू शकतात. म्हणून कैफियतीत बांध कधी आणि किती सरकला याची वर्षं सांभाळून, शक्यतो जुन्या मोजणी नकाशावरून लिहा. अंदाजाने ‘गेली वीस वर्षे’ लिहिणं म्हणजे स्वतःच्या हाताने भावाला जमीन देणं.

प्रतिदाव्याचा एक फायदा पक्षकारांना माहीत नसतो. भावाने पुढे आपला दावा काढून घेतला, किंवा तो गैरहजेरीत काढून टाकला गेला, तरी तुमचा प्रतिदावा स्वतंत्रपणे चालू राहतो. तुमच्या प्रतिदाव्याला त्यालाही लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि न दिल्यास कैफियत न देणाऱ्या प्रतिवादीसारखी गत त्याची होऊ शकते. तोटाही आहे. कब्जा मागताय म्हणजे त्या चार गुंठ्यांचा कब्जा आज तुमच्याकडे नाही हे तुम्हीच सांगताय, आणि तेवढ्या तुकड्यापुरती भावाची निशाणी ५ बळकट होते. उरलेल्या जमिनीवर तुमचाच कब्जा आहे हे म्हणण्यात ठळक वेगळं मांडलं तर ही अडचण सांभाळता येते. चतुःसीमा नीट लिहा, नाहीतर सगळा गट मनाईत सापडतो.

बांधाच्या वादात कागदांपेक्षा मोजणी बोलते. भूमी अभिलेख खात्याकडे हद्द कायम मोजणीसाठी अर्ज करा आणि ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हाती ठेवा. दावा चालू असताना कोर्टाकडूनही भूमी अभिलेख अधिकाऱ्याला कोर्ट कमिशनर नेमून घेता येतं. खाजगी सर्व्हेअरचा नकाशा उलटतपासात फार टिकत नाही.

‘वजावट’ म्हणजे सेट ऑफ, तुमच्या उपयोगाचा नाही, पण प्रतिदाव्याशी त्याची गल्लत होते म्हणून सांगतो. तो फक्त पैशांच्या दाव्यात. अडत्याने शेतकऱ्यावर उचलीच्या रकमेचा दावा लावला आणि शेतकऱ्याचे त्याच अडत्याकडे मालाच्या पट्टीचे ठरावीक पैसे निघत असतील, तर ते वजा करा असं म्हणता येतं. रक्कम निश्चित आणि कायद्याने वसूल होण्यासारखी हवी, शिवाय देणं-घेणं दोघांनी त्याच नात्याने केलेलं हवं. पैशाचेच काही दावे, उदाहरणार्थ चेक किंवा लेखी करारावरचे, सदतिसाव्या ऑर्डरखाली संक्षिप्त दावा म्हणून लागतात. तिथे मुळात कैफियत देण्याचा हक्कच नसतो. समन्स लागल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची, आणि नंतर निकालासाठीचं समन्स आलं की पुन्हा दहा दिवसांत बचावाची परवानगी मागायची. असं समन्स आलं तर हे उत्तर पूर्ण वाचत बसू नका, त्याच दिवशी वकील गाठा.

ग्राहक आयोगातही वेगळंच. तक्रारीचं उत्तर तीस दिवसांत, फार तर आणखी पंधरा दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही, असं २०२० मध्ये घटनापीठाने ठरवलं.

कॅव्हेटबद्दल. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खालची ही सूचना आहे: माझ्याविरुद्ध अमुक अर्ज येण्याची शक्यता आहे, मला ऐकल्याशिवाय त्यावर हुकूम करू नका. ती नव्वद दिवस टिकते, आणि समोरच्या पक्षालाही रजिस्टर पोस्टाने पाठवावी लागते. कॅव्हेट टाकल्याने दावा अडत नाही, विरोध नोंदला जात नाही, कैफियतीची गरज संपत नाही. तुमच्यावर दावा लागून समन्सही आलं आहे, आता या कोर्टात कॅव्हेट टाकणं वायफळ. निशाणी ५ चा अर्ज फेटाळला गेला आणि भाऊ अपिलात जाईल असं वाटलं, तर जिल्हा न्यायालयात जरूर टाका.

तलाठ्याकडची ‘हरकत’ वेगळ्या घरातली. फेरफाराची नोटीस निघाली की पंधरा दिवसांत लेखी हरकत द्यायची. मग नोंद वादग्रस्त ठरते आणि मंडल अधिकारी सुनावणी घेतात, पुढे प्रांताकडे अपील. तुमच्या वादात नवीन फेरफारच नसेल तर हरकत कशाला घ्यायची? आणि महसुली नोंदीने मालकी ठरत नाही, हे कोर्टांनी इतक्यांदा सांगितलं आहे की आता वकील त्याला निकालाचा दाखलाही जोडत नाहीत. सातबारा कब्ज्याचा पुरावा म्हणून उपयोगी, मालकीचा शेवटचा शब्द म्हणून नाही. ‘हरकत’ हा शब्द दिवाणीतही येतो, पण दरखास्तीत, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत, तिऱ्हाईताच्या कब्ज्यावर टाच आली तर. तुम्ही अजून तिथवर पोचलेला नाही.

अपिलातला एक शब्द आताच माहीत करून घ्या: क्रॉस ऑब्जेक्शन. समजा उद्या भावाचा दावा रद्द झाला, पण तुमच्या प्रतिदाव्यात कोर्टाने चारऐवजी दोनच गुंठे दिले. तुम्ही गप्प बसलात आणि भावाने अपील केलं. तर अपिलाची नोटीस लागल्यापासून एका महिन्यात त्याच अपिलात तुमच्या उरलेल्या दोन गुंठ्यांसाठी क्रॉस ऑब्जेक्शन देता येतं, स्वतःच्या अपिलाची मुदत टळली असली तरी. हा महिना हातचा गेल्यामुळे अर्ध्या निकालावर समाधान मानलेली कुटुंबं प्रत्येक जिल्ह्यात सापडतील.

शेवटी भरपाई. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी लावलेल्या दाव्याबद्दल त्याच संहितेच्या कलम ३५-अ खाली भरपाईदाखल खर्च मिळू शकतो, पण त्याची कमाल मर्यादा ३,००० रुपये. तोही कोर्टाने दाव्याचा खोटेपणा वादीला ठाऊक होता असं नोंदवलं तरच, आणि तुम्ही तशी हरकत घेतलेली असली तरच. म्हणून कैफियतींच्या शेवटच्या कलमांत ‘कलम ३५-अ प्रमाणे’ हे शब्द दिसतात. त्याहून उपयोगी कलम ९५, जे कैफियतींत क्वचित दिसतं. अपुऱ्या कारणांवर मनाई मिळवून तुमचं नुकसान केलं असेल, उदाहरणार्थ ऐन पेरणीत शेत पडीक राहिलं, तर ५०,००० रुपयांपर्यंत वाजवी भरपाई त्याच कोर्टात अर्जाने मागता येते. मात्र इथे भरपाईच्या अर्जावर हुकूम झाला की त्याच कारणासाठी वेगळा दावा लावता येत नाही. तेव्हा मनाई मिळाल्यापासून पेरणी, मशागत, मजुरीच्या नुकसानीच्या पावत्या ठेवत जा. खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल फौजदारी कारवाईही होऊ शकते, त्यासाठी नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली त्याच कोर्टाकडे अर्ज द्यावा लागतो. थेट पोलिसांत जाऊन ‘कोर्टात खोटं बोलला’ अशी फिर्याद देता येत नाही. बांधाच्या वादात कोर्टं असे अर्ज सहसा दावा निकाली निघेपर्यंत बाजूला ठेवतात, त्यामुळे आत्ता त्यात पैसे आणि जीव घालवू नका.

या आठवड्यात करायचं काम एवढंच. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर तुमच्या समन्सवरचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकून रोजनामा बघा. प्रतिवादी क्रमांक दोन, म्हणजे वडील, यांच्याविरुद्ध ‘एकतर्फी’ असा शब्द दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता तो हुकूम मागे घेण्याचा अर्ज आणि वकीलपत्र एकत्र द्या. दिसला नाही तर वकीलपत्र आणि मुदतीचा अर्ज. वडिलांची कैफियत तुमच्याशी जुळणारी असेल, तर दोघांची मिळून एकच देता येते, फक्त तिच्यावर दोघांच्याही सह्या हव्यात.